लेहच्या थंडीतले खुराडे

लेहला मी कोंबड्या पाहायला गेलो नव्हतो. भाच्याला भेटायला गेलो होतो. थोरल्या बहिणीचा मुलगा सैन्यात आहे. त्याची नेमणूक लेहला झाल्यापासून बहिणीच्या जिवाला घोर लागलेला. "मामा आहेस ना त्याचा? एकदा डोळ्यांनी बघून ये, पोरगं कसं राहतंय ते," असा तिने धोशा लावला. अखेर २०२४ सालच्या फेब्रुवारीत मी रजा टाकली. बहिणीने शेंगदाण्याचे लाडू, लसणाची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या बांधून दिल्या आणि मी निघालो.

दिल्लीहून विमान सुटले की तासा-सव्वा तासात लेह येते. खिडकीतून खाली पाहावे तर जिकडे तिकडे बर्फाचे डोंगर. झाड म्हणून दिसत नाही. विमानातून उतरताना पायऱ्यांवरच धाप लागली. लेह शहर सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. आपले कळसूबाई महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी लेह वर उरते. इथली हवा विरळ. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश इथे मिळतो. म्हणून आल्या आल्या दोन दिवस स्वस्थ पडून राहायचे, पाणी पीत राहायचे, धावपळ करायची नाही, असा तिथला दंडक आहे. भाच्याने मला एका घरगुती उतारशाळेत टाकले आणि ताकीद दिली, "मामा, इथं शहाणपणा करायचा नाही. दोन दिवस खाटेवरनं हलायचं नाही."

पडल्या पडल्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे ऊन. आकाश निळेशार आणि ऊन असे कडक, की खिडकीपाशी बसले तर स्वेटर काढावासा वाटे. सावलीत पाऊल टाकले की दातावर दात. रात्री पारा उणे बारा-तेरापर्यंत उतरे आणि बादलीतल्या पाण्याचा सकाळी धोंडा झालेला असे. दुसरी गोष्ट कोरडेपणा. लेहला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून होते जेमतेम शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच. आपल्याकडे इगतपुरीला एवढा पाऊस एका दिवसात पडून जातो. तेव्हा लेहची थंडी ही कोरडी थंडी. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

चुशोतचे घर

भाच्याच्या ओळखीचा एक लडाखी ड्रायव्हर होता. मी शेतीच्या विस्तारकामातला माणूस आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "मग माझ्या बहिणीकडे चला. तिने कोंबड्या पाळल्या आहेत." मला नवल वाटले. उणे तेरा अंशांत कोंबड्या?

तिसऱ्या दिवशी आम्ही चुशोतला गेलो. लेहपासून दहा-पंधरा किलोमीटरवर सिंधू नदीच्या काठाने लांबच लांब पसरलेले हे गाव आहे. शाळेच्या पुस्तकात वाचलेली ती सिंधू मी पहिल्यांदा पाहिली, कडेने गोठलेली आणि मधून हिरवट पाण्याची धार वाहणारी. दोन्ही अंगांना पॉप्लर आणि विलोची झाडे, सगळी पानगळ होऊन काटक्या उरलेली. गावात मुसलमान घरे अधिक, काही बौद्धांची. ड्रायव्हरने सांगितले की बौद्ध घरांतून कोंबड्या पाळण्याची चाल पूर्वी फारशी नव्हती. एका मोठ्या जनावरात घराचे भागते, तिथे एवढे लहान लहान जीव कशाला घ्यायचे, अशी त्यांची समजूत. मला ती विचार करण्याजोगी वाटली.

त्याची बहीण चाळिशीची, हसतमुख बाई. तिला काय म्हणून हाक मारायची असे विचारले, तर तो म्हणाला, "आचे म्हणा. आमच्यात थोरल्या बहिणीला आचे म्हणतात. वयाने लहान असली तरी मानाने म्हणतात." मग मीही आचेच म्हणू लागलो. तिने मिठाचा, लोणी घातलेला चहा दिला आणि खंबीर नावाची जाड भाकरी पुढे ठेवली. तिची हिंदी आणि माझी हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळे बोलणे छान जमले.

कोंबड्या ठेवायला लागून तिला सहा वर्षे झाली होती. हिवाळ्यात झोजी ला खिंड बर्फाने बंद पडते, खालचा माल येईनासा होतो, त्या दिवसांत गावच्या ताज्या अंड्याला गिऱ्हाईक घरी चालत येते. अंड्यांच्या पैशावर तिची थोरली मुलगी लेहला कॉलेजात शिकत होती. "ही वीस कोंबड्यांची फौज माझी," ती म्हणाली, "यांच्या बापाला हिशोब विचारू देत नाही." आपल्याकडच्या कितीतरी घरांत मी हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकले आहे. गोठा मालकाचा, पण खुराडे मालकिणीचे. त्या पैशात पोरीची पुस्तके असतात, माहेरचा आहेर असतो, अडीनडीचा दवाखाना असतो. म्हणून परसातल्या कोंबड्या मेल्या तर घरात आवाज होत नाही, पण कुणाचे तरी काहीतरी मोडून पडलेले असते.

खुराड्याची घडण

खुराडे घराच्या दक्षिण अंगाला होते. दिवसभर जिथे सावली पडत नाही अशी जागा. लांबी बारा फूट पूर्व-पश्चिम आणि रुंदी सहा फूट. म्हणजे बहात्तर चौरस फुटांत वीस कोंबड्या. एकीला साडेतीन चौरस फुटांहून थोडी अधिक जागा. आपण गादी पद्धतीत अंड्याच्या कोंबडीला दोन-अडीच चौरस फूट धरतो. पण जिथे कोंबडी हिवाळ्यात दिवसच्या दिवस आतच राहणार, तिथे जागा सैल हवी. दाटीने कोंबड्या एकमेकींना टोचतात आणि गादी लवकर ओली होते.

तीन बाजूंच्या भिंती उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या, चांगल्या दीड फूट जाड. उत्तरेकडची भिंत तर बांधात अर्धी गाडलेली, म्हणजे तिकडून वारा लागायचा प्रश्नच नाही. छपराला पॉप्लरचे वासे, त्यावर विलोच्या काटक्या अगदी जवळ जवळ मांडलेल्या, त्यावर गवत आणि वर मातीचा जाड थर. लडाखी घराचे माळवद असेच असते. खानदेशातले धाब्याचे घर ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच उमजेल.

दक्षिणेची बाजू मात्र निराळी. खाली दोन फुटांची मातीची भिंत आणि वर लाकडी चौकटीत जाड पारदर्शक प्लॅस्टिक, जमिनीकडे तिरपे केलेले. दिवसभर ऊन त्यातून आत शिरते आणि थेट मागच्या उत्तरेकडच्या भिंतीवर पडते. ती भिंत आतून काळपट रंगवली होती. काळा रंग ऊन पितो. दिवसभर भिंत तापते आणि रात्री तीच ऊब हळूहळू सोडते. जाड मातीचा हा मोठा गुण आहे. पत्रा लवकर तापतो तसा लवकर निवतो, माती उशिरा तापते आणि उशिरा निवते. लेहच्या काही घरांतून आणि संस्थांतून याच तत्त्वाची, काच आणि काळी भिंत यांत चार-सहा इंच पोकळी ठेवलेली भिंत बांधतात. फ्रान्समधल्या फेलिक्स ट्रॉम्ब यांच्या नावावरून तिला ट्रॉम्ब भिंत म्हणतात. आचेच्या खुराड्यात ती पोकळी नव्हती. तिची युक्ती साधी, पण तत्त्व तेच.

दिवस मावळला की प्लॅस्टिकवरून जुन्या गोधडीचा पडदा खाली सोडायचा. कारण ज्या वाटेने दिवसा ऊन आत येते, त्याच वाटेने रात्री ऊब बाहेर जाते. सकाळी ऊन आले की पडदा गुंडाळायचा. हे काम तिचा धाकटा मुलगा करी.

कोंबड्यांचे बसायचे दांडे मागच्या उबदार भिंतीलगत होते. तेही गोल काठ्यांचे नव्हते. चार इंच रुंदीच्या फळ्या आडव्या टाकलेल्या. मी कारण विचारले. तिने एक कोंबडी धरून फळीवर बसवली आणि तिची पिसे वर करून दाखवली. रुंद फळीवर कोंबडी पंजे सपाट ठेवते आणि पोटाची पिसे पंजांवर पसरते. बारीक काठीवर बोटे खाली वळतात, उघडी राहतात आणि गारठतात. एवढी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत मी कुणा शेतकऱ्याला कधी सांगितली नव्हती.

खाली सहा-आठ इंचांची गादी होती, लाकडाचा भुसा, वाळले गवत आणि कोरडी माती मिसळलेली. लडाखी घरात कोरडा संडास असतो. त्यात पाणी वापरीत नाहीत, प्रत्येक वेळी वरून माती-राख टाकतात आणि पुढे तेच खत शेतात जाते. आचेने तीच रीत खुराड्यात आणली होती. रोज सकाळी दांड्यांखालच्या शिटांवर दोन पाट्या कोरडी माती आणि चार दिवसांनी गादी खालीवर. मे महिन्यात सगळे उपसून भाजीच्या वाफ्यात.

आणि मग मला ते भोक दिसले. पूर्वेच्या भिंतीत अगदी वर, छपराला लागून, वीतभर लांबरुंद, जाळी मारलेले. पश्चिमेच्या टोकाला तसेच एक पत्र्याचे नळकांडे छपरातून वर गेलेले. दोन्ही सताड उघडी. माझ्यातला अधिकारी जागा झाला. मी म्हणालो, "आचे, सगळे छान आहे, पण ही दोन भोके बुजवा. रात्री सगळी ऊब इथून निघून जात असेल."

ती नुसती हसली. म्हणाली, "आज मुक्काम करा. रात्री दाखवते."

गोदाकाठची गोष्ट

माझ्या त्या सल्ल्यामागे एक जुनी गोष्ट होती. ती इथे सांगितली पाहिजे.

डिसेंबर २०१८ मध्ये नाशिक जिल्ह्यात कडाक्याची थंडी पडली होती. निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटत होत्या, पहाटे बागांना पाणी दिले जात होते. मी त्या भागात विस्ताराचे काम करीत होतो आणि दिवसरात्र सगळे बोलणे द्राक्षांचेच. अशा गडबडीत गोदाकाठच्या एका गावातल्या बाईंनी मला रस्त्यात थांबवले. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी चौदा कोंबड्या घेतल्या होत्या. "साहेब, थंडीनं कोंबड्या आखडून बसत्यात. काय करू?"

कोंबड्या हा माझा विषय नव्हे, पशुवैद्यकांना विचारा, असे मी म्हणायला हवे होते. पण विचारणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवायचे नाही अशी आमची सवय. मी मोटारसायकलवरूनच सांगितले, "द्राक्षाचा जुना प्लॅस्टिकचा कागद असेल ना? चारी बाजूंनी गच्च लपेटून टाका. फट ठेवू नका."

त्यांनी तसेच केले. आठ-दहा दिवसांनी मी त्या गावी गेलो, तेव्हा चौदांपैकी तीन कोंबड्या उरल्या होत्या. त्यांचीही तोंडे सुजलेली, नाक वाहते, डोळे चिकटलेले. खुराड्यात वाकून पाहिले तर डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला, आणि कागदाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. बाईंनी विचारले, "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं व्हतं. माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "रोगाची साथ आली असेल."

कर्जाचे हप्ते त्यांनी पुढे वर्षभर कांदा निंदायला जाऊन फेडले, हे मला नंतर कळले. माझे उत्तर खरे नाही, एवढे मला तेव्हाही आतून वाटत होते. पण नेमके काय चुकले ते मी शोधले नाही. आणि पाच वर्षांनी लडाखात तोच सल्ला द्यायला निघालो होतो!

रात्रीचे दर्शन

रात्री नवाच्या सुमाराला आचे बॅटरी घेऊन उठली. अंगावर असेल नसेल तेवढे घालून मी मागोमाग गेलो. बाहेर माझ्या थर्मामीटरवर उणे बारा. दार ढकलून आत गेलो, ते चटकन मागे लावून घेतले. दार पूर्वेकडे होते आणि आत शिरताच एक आडवी भिंत होती, म्हणजे दार उघडले तरी वारा सरळ कोंबड्यांवर जात नसे.

आत मिट्ट शांतता. फळ्यांवर वीस कोंबड्या अंग फुगवून, एकीला एक चिकटून बसलेल्या. दांड्याच्या उंचीवर पारा पाहिला तर शून्याच्या वर तीन. आचेने माझा हातमोजा काढायला लावला आणि हात मागच्या भिंतीवर टेकवला. भिंत कोमट होती. नुकतीच चूल विझल्यावर वैलाशेजारची भिंत लागते तशी.

मग तिने माझा हात वर नेऊन भोकाखाली धरला. वाऱ्याचा झोत नव्हता. हवा अगदी सावकाश वर सरकत होती. बॅटरी टाकली तर जाळीवर पांढरे दहिवर गोठलेले दिसले. "हे बघा," ती म्हणाली, "हे कोंबड्यांच्या श्वासातले पाणी. इथून बाहेर गेले म्हणून इथे गोठले. भोक बुजवले असते तर त्यांच्या तुऱ्यावर गोठले असते. पहिल्या वर्षी मीही बुजवले होते. पाच गेल्या." आणि मग तिने जे सांगितले ते मी त्याच रात्री डायरीत उतरून ठेवले: "थंडी कोंबडी सोसते. ओल सोसत नाही."

मी खोल श्वास घेतला. एवढ्या बंद जागेत वीस कोंबड्या, पण झोंबणारा वास नाही. पायाखाली गादी कोरडी, मुठीत धरली तर भुगा होऊन सुटणारी. गोदाकाठच्या त्या खुराड्यातले ओघळणारे थेंब माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तिथे बाहेर शून्याच्या वर दोन अंश होते आणि अकरा कोंबड्या मेल्या. इथे बाहेर उणे बारा आणि वीसच्या वीस धडधाकट.

यामागचे कारण

परत आल्यावर पशुवैद्यक मित्राजवळ बसून मी हे नीट समजून घेतले. कोंबडीच्या अंगाची उष्णता एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस असते. आपल्याला एवढा ताप चढला तर दवाखान्यात न्यावे लागेल. दोन किलोची कोंबडी दहा वॅटच्या दिव्याइतकी ऊब सतत देत असते. पिसांत हवा धरून ठेवली की तीच तिची गोधडी. मात्र पिसे कोरडी असली तरच हे जमते. भिजलेली गोधडी पांघरून कुणाला ऊब आली आहे?

आता पाण्याचा हिशेब पाहा. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटरच्या आतबाहेर पाणी पिते. वीस कोंबड्या म्हणजे चार-पाच लिटर. त्यातले थोडे अंड्यात जाते, बाकीचे बहुतेक श्वासातून आणि शिटांतून खुराड्यातच पडते. म्हणजे रोज एक कळशीभर पाणी आपण खुराड्यात शिंपडतो असे समजा. ते बाहेर जायला वाट नसेल तर छपरावरून ठिबकते, गादी ओली होते, ओल्या शिटांतून अमोनिया सुटतो, अमोनियाने नाका-डोळ्यांची आणि फुप्फुसाची आतली कातडी सोलवटते आणि तिथे रोगाला घर मिळते. म्हणजे साथ आली असेलही, पण तिला दार उघडून दिले ते मी.

म्हणून वारा आणि हवा यांत फरक केला पाहिजे. कोंबडीच्या अंगावर येतो तो वारा, तो अडवायचा. तिच्या डोक्याच्या वरून निघून जाते ती दमट हवा. ती जाऊ द्यायची. ऊबदार ओली हवा हलकी असते, ती आपोआप वर चढते. वर वाट ठेवली की झाले.

शेगडीचा मोह तर मुळीच नको. बंद खुराड्यात कोळसा धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. कोंबड्याच काय, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांनाही धोका. भुसा आणि तापलेला दिवा यांची गाठ पडली तर आग.

लेहच्या उंचीवर आणखी अडचणी आहेत, त्या आपल्याला नाहीत. आचेने घरी अंडी उबवून पाहिली, पण पिल्ले फार थोडी निघाली. विरळ हवेत अंड्यातल्या गर्भाला प्राणवायू कमी पडतो. भराभर वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या हृदयावर त्या हवेत ताण येतो आणि पोटात पाणी होऊन पक्षी दगावतात. म्हणून तिने बेताने वाढणाऱ्या, रंगीत वनराजा कोंबड्या ठेवल्या होत्या. लेहमध्ये संरक्षण संशोधन खात्याची प्रयोगशाळा १९६२ पासून आहे. उंचावर भाजीपाला कसा पिकवावा यावर तिथे मोठे काम झाले आणि कोंबड्यांवरही झाले. कृषी विज्ञान केंद्रही आहे. पण भोक उघडे ठेवायचे, हे आचेला पाच मेलेल्या कोंबड्यांनी शिकवले.

आपण काय घ्यावे, काय घेऊ नये

लेहचे खुराडे उचलून निफाडला, सटाण्याला किंवा महाबळेश्वरला ठेवायचे नाही. आपल्याकडे थंडी दोन महिन्यांची आणि एप्रिल-मेचे ऊन जीव घेणारे. दक्षिणेला प्लॅस्टिक लावून बसलो तर मार्चमध्येच कोंबड्या भाजून निघतील. लेहला पाऊस चार इंच. आपल्याकडे मातीचे छप्पर श्रावणात गळायला लागेल. मग घ्यायचे काय?

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. हिवाळ्यात दक्षिणेचे तिरपे ऊन आत येते, आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने छपराच्या पुढे आलेल्या कडेखाली सावली राहते. जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच करा म्हणजे ओल वर चढणार नाही. लांबीच्या दोन्ही बाजूंना खाली दोन फूट भिंत किंवा कूड आणि वर जाळी असू द्या. थंडीत या जाळीवर बारदानाचे पडदे सोडा, पण छपराखालची फूटभर पट्टी कायम उघडी ठेवा. बारदान हवा झिरपू देते, प्लॅस्टिक देत नाही. उन्हाळ्यात तेच पडदे ओले करून उपयोगी पडतात.

बसायच्या फळ्या चार इंच रुंद, प्रत्येक कोंबडीला आठ-दहा इंच जागा, आणि वाऱ्याच्या बाजूपासून दूर. गादी भाताच्या तुसाची किंवा भुशाची, सहा इंच. दोन-चार दिवसांनी खालीवर करा, ओला गोळा दिसला की काढून टाका. सकाळी खुराड्यात वाकून श्वास घ्या. डोळ्यांना झोंबले तर हवा कमी पडते आहे, हे आपले नाकच सांगते. त्याला यंत्र लागत नाही.

थंडीत संध्याकाळी मूठभर मका किंवा बाजरी द्या. रात्रभर दाणा पचतो आणि अंगात ऊब राहते. सकाळी पाणी कोमट द्या; गार पाणी कोंबडी कमी पिते आणि पाणी कमी पडले की अंडे कमी. दिवस लहान झाल्यानेही अंडी उतरतात. अंड्यावरच्या कोंबडीला चौदा तासांच्या वर उजेड लागतो. दिवा लावायचा तर पहाटे लावा. रात्री लावून एकदम मालवला तर कोंबड्यांना अंधारात दांडा सापडत नाही, त्या जमिनीवरच राहतात. आणि नाक वाहू लागले, तोंड सुजले, तर पडदे बांधत बसू नका. आजारी कोंबडी वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

परतल्यावर

लेहहून निघताना आचेने जर्दाळूंची पिशवी हातात दिली. भाचा ठणठणीत होता. बहिणीला फोनवर तसे सांगितले. पण माझ्या डोक्यात दुसरेच चालले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी गोदाकाठच्या त्या गावी गेलो. बाई अंगणात गहू पाखडत होत्या. मोकळे खुराडे अजून उभे होते, आत गोवऱ्या रचलेल्या. मी म्हणालो, "ताई, पाच वर्षांपूर्वी तुम्ही मला एक विचारलं होतं. तुमचं काय चुकलं म्हणून. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं." आणि कागदाचे, ओलीचे, वासाचे सगळे सांगितले.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुपातला गहू हलवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्या हाताला यश न्हाई. म्हणून पुन्हा घेतल्याच न्हाईत."

एवढे ऐकल्यावर मान वर करून त्यांच्याकडे पाहणे मला जमेना. अकरा कोंबड्यांची किंमत भरून देता येते. आपल्या हाताला यश नाही असे समजून एक कष्टाळू बाई पाच वर्षे स्वस्थ बसली, त्याची भरपाई कशी करायची? विस्ताराचे काम करणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनाही मला हेच सांगायचे आहे. मोटारसायकलवरून सल्ला देऊ नका. खाली उतरा, खुराड्यात वाका, वास घ्या, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा.

त्या दिवशी आम्ही गोवऱ्या बाहेर काढल्या. त्यांच्या मुलाने छपराखालचे दोन पत्रे सोडवले आणि तिथे जाळी ठोकली. जुन्या पलंगाची एक फळी होती, ती दांड्याच्या जागी बसवली. दिवाळीनंतर त्यांनी सहा कोंबड्या आणल्या. जानेवारीत मी सकाळी सातला मुद्दाम गेलो. धुके पडले होते, बारदान बाहेरून दहिवराने ओले झाले होते. आत हात घातला. गादी कोरडी होती.

बाईंनी दोन अंडी माझ्या हातावर ठेवली. अजून गरम होती.